चपला काढा, बाय

"चपला काढा, बाय."

पळसदरीच्या त्या बंगल्याच्या फाटकातून आत पाऊल टाकलं की हे पहिलं वाक्य. रामराम नाही, 'या, बसा' तर नाहीच. माझ्या हातातला जड टोप आधी आपल्याकडं घ्यायचा, खाली वाकून माझ्या पायांकडं बघायचं आणि म्हणायचं, "चपला काढा, बाय."

तुम्ही म्हणाल, यात काय नवल, कुणाच्याही घरात जाताना चपला काढतोच की आपण. तसं नव्हतं हो. घर पार आत होतं. फाटकापाशी नुसतं अंगण, तेसुद्धा खडीचं. पावसात चिखल, उन्हात निखारे. तिथं काढायच्या. आणि काढलेल्या चपला हा माणूस स्वतःच्या हातानं उचलायचा. कुंपणाच्या भिंतीला त्यानं एक फळी ठोकली होती, चाफ्याच्या मागं, उंच. तिच्यावर नेऊन ठेवायचा. कुणाला दिसू नयेत अशा.

पहिल्या वेळी मला वाटलं, आत एखादा कडक देव बसवलाय यानं.

"देव हाय का रं दादा हितं?"

"देव नाय. कुत्रा हाय."

"मग? चपला चावतो?"

"चावत नाय, बाय. चपला बगितल्या की त्याचा जीव खालवर व्हतो."

मी हसले. आता लिहिताना हसू येत नाही, पण तेव्हा हसले, ते खरं तेच सांगायला हवं.

माझी खानावळ आहे, स्टेशनच्या अलीकडं. शनिवार-रविवारी मुंबईची माणसं बंगल्यांवर उतरतात, त्यांना तांदळाच्या भाकऱ्या आणि कोंबडीचा रस्सा मी पोचवते. भाकऱ्या मी थापते, रस्सा मी करते, गुडघे कुरकुरायला लागेपर्यंत टोपही मीच डोक्यावरून न्यायची. त्या वाटेवर सगळ्यात शेवटचा हा बंगला, आणि त्याचा राखणदार म्हणजे हा.

डोंगरातल्या आदिवासी वाडीवरचा माणूस. बारीक, काळा, पायांना भेगा अशा की त्यात तांदूळ पेरावेत. तो बंगल्यात कधी चपला घालत नसे. त्याच्या चपला फाटकाबाहेर आंब्याखाली असायच्या, दुकानात जायचं झालं की बाहेर पडून तिथं घालायचा. वयानं तो माझ्याहून मोठाच असणार, तरी मी त्याला सरळ अरे-तुरे करायची आणि तो मला 'तुमी' म्हणायचा. हे असं का, ते तेव्हा माझ्या मनातसुद्धा आलं नाही. बघा, आपण किती गोष्टी नुसत्या करत जातो.

आणि तो कुत्रा. तांबूस, एक कान मोडलेला. मालकांच्या मुलीनं तो पिल्लू असताना आणला, बडी नाव ठेवलं, हा त्याला बड्या म्हणायचा. तोंडात कायम एक चेंडू. कधीकाळी हिरवा असेल, आता लव झडून टकला झालेला, लाळेनं बुळबुळीत. तुम्ही उभे राहिलात की चेंडू तुमच्या पायाशी. उचलून फेकलात की धावला, आणला, पुन्हा पायाशी. हात दुखेपर्यंत. नाही उचललात तर पुढचे पाय पसरून, बूड वर करून, शेपूट अशी हलवणार की सगळं अंग हलावं. पाहुणे म्हणायचे, काय खेळकर आहे हो, किती आनंदी कुत्रा!

मला मात्र त्याचा राग यायचा. एका मे महिन्यात खडी इतकी तापली होती की मी म्हटलं, आज नाही काढायच्या चपला, काय व्हायचं ते होऊ दे. तशीच आत गेले, डबे ठेवले, निघायला वळले तर हा पठ्ठ्या चेंडू घेऊन समोर. मी बाजूनं जायला बघते, हा आडवा. मी ओरडले, त्यानं उडी मारली, आणि परतीच्या वाटेवरच्या बंगल्याचा रश्श्याचा टोप खडीवर. पंधरा माणसांचं जेवण. मी त्या कुत्र्याला आणि त्याच्या राखणदाराला जे काही बोलले ते इथं लिहीत नाही.

तो खाली बसून खडीतले कोंबडीचे तुकडे वेचायला लागला.

"खेळायचा किती सोस ह्याला! कंटाळा म्हनून येत नाय कसा?" मी म्हटलं.

"तो खेळत नाय, बाय."

"मग काय करतोय?"

"थांबवतोय."

मला कळलं नाही. तेव्हा त्यानं मला ओट्यावर बसवलं, माझ्या चपला काढून फळीवर ठेवल्या आणि म्हणाला, "आता बगा. काय बोलू नका."

मी बसले. बड्यानं माझ्या पायांकडं बघितलं. मग चेंडू खाली ठेवला, हनुवटी त्याच्यावर टेकली आणि चक्क डोळे मिटले. मी पाय हलवला, काही नाही. पदर झटकला, काही नाही. मी उठून चपलांच्या फळीकडं निघाले मात्र, तसा हा ताडकन उठला, चेंडू तोंडात, आणि माझ्यासमोर बूड वर करून हजर.

"बसा परत," तो म्हणाला. मी बसले. कुत्रा बसला.

"बगितलं? जायला उटला मानूस का खेळ. बॅगची चेन वाजली का खेळ. गाडीचं दार उगडलं का लई खेळ. माज्यासंगं दिवसभर खेळत नाय. मी काय करंन? मी जातो कुटं? हितंच आसतो. मी चपला घातल्या का माज्यासंग बी खेळतो." मग म्हणाला, "लहान व्हता तवा मालकाची पोरगी निगताना ह्याच्यासंग खेळायची. बाप म्हनायचा चल, ती म्हनायची एक डाव, आनि एक डाव. तेवडा येळ गाडी थांबायची. ह्यानं ते डोक्यात धरलं. खेळ चालू हाय तवर कोन जात नाय."

ती मुलगी पुढं शिकायला लांब गेली. मालकांनी बंगला दर आठवड्याला वेगळ्या पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली. म्हणजे विचार करा, आठवड्याला नवी पंधरा-वीस माणसं. बूट घालून उठणारी, बसणारी, धरणावर जाणारी, परत येणारी, रविवारी कायमची जाणारी. हा शनिवार सकाळपासून रविवार संध्याकाळपर्यंत एकेकाला थांबवत धावायचा. सोमवारी सकाळी मी डबे परत न्यायला जायची तेव्हा तो मेल्यासारखा पडलेला असायचा. पंजे सोललेले. राखणदार त्यांना खोबरेल लावत बसलेला.

"पाहुण्यांना सांग की चपला काढायला."

"सांगितलं एकदा. हसले. माजाच फोटो काडला."

त्या दिवसापासून मी न सांगता फाटकात चपला काढायला लागले. पण राग गेला होता असं म्हणणार नाही. कळलं म्हणून माणूस लगेच चांगला होतो का?

माघ महिन्यातली गोष्ट. पाहुण्यांमधली एक बाई गाडीत सामान ठेवत होती. बड्या तिच्या पायात आला, ती पायरीवरून पडली. मनगट मोडलं. भांडण झालं, फोनाफोनी झाली. मालकांनी याला फोनवर सांगितलं, "काका, पुढच्या शनिवारी तो कुत्रा तिथं दिसता कामा नये. कुठंही सोडा. नाही जमलं तर दोघंही निघा."

गुरुवारी दुपारी तो माझ्या खानावळीच्या मागच्या दारी येऊन बसला. मी भाकऱ्या थापत होते. सगळं सांगितलं. बायको मागंच गेलेली. वाडीवर घर आहे म्हणायला, पण दोन पावसाळे झाले, कौलं उडालेली. म्हातारपणी काम कोण देणार? बंगल्याच्या मागची ती खोली आणि पगार, एवढाच त्याचा आधार होता.

"वाडीवर नेऊन ठेव," मी म्हटलं.

"दोनदा ठिवला. मी पोचायच्या आदी परत फाटकात. चेंडू घेऊन."

आता मी काय बोलले ते नीट ऐका, कारण याच्यासाठीच मी हे सगळं लिहायला बसले आहे.

आमच्याकडं मांजर सोडायचं तर गोणीत घालतात, गोणी तीन वेळा गरगर फिरवतात आणि नदीपलीकडं नेऊन सोडतात. म्हणजे त्याला वाट सापडत नाही. माझी आई करायची, मीही केलंय. मी म्हटलं, "गोणीत घाल आनि खालापूरच्या पुढं सोड, हायवेला. चाचाचा टेंपो हाय उद्या."

"गोनीत नाय घालनार. माज्या हातनं भाकर खातो तो."

"मग असं कर ना. त्याचा चेंडू घे. उतर, चांगला लांब फेक. तो धावला की टेंपोत बस. ना मार, ना गोणी. त्याला कळनार बी नाय."

भाकरी तव्यावर टाकता टाकता बोलले मी हे. इतकं सहज. वर म्हणाले, "किती सोपं हाय!"

तो माझ्याकडं बघत राहिला. त्याच्या तोंडावर काहीतरी होऊन गेलं. मला वाटलं, चुलीचा धूर गेला डोळ्यात.

"व्हय," तो म्हणाला. "तसं केलं का निगता येतंया. बरोबर हाय तुमचं."

चाचा म्हणजे आमचा भाजीवाला, खालापूरचा कोकणी मुसलमान. वर्षानुवर्षं मला भाजी आणि कोंबड्या पुरवतो. शुक्रवारी सकाळी त्याला सांगितलं तर कमरेवर हात ठेवून म्हणाला, "माज्या टेंपोत मी वांगी नेतो गं, पाप नेत नाय."

"तुज्या कोंबड्या काय हजला निघाल्या असतात?" मी म्हटलं.

तो हसला आणि तयार झाला. मलाही खालापुरात काम होतं, म्हणून मी पुढं बसले. बंगल्यापाशी थांबलो. राखणदार फाटकाच्या आतून आला आणि त्याच्या पायात चपला होत्या. आतमध्ये, अंगणात, चपला. बड्यानं त्या बघितल्या होत्याच. चेंडू घेऊन त्याच्याभोवती नाचत होता. नाचत नाचत टेंपोत चढला. उड्या मारत गाडीत बसला तो, हे मी या डोळ्यांनी पाहिलं.

वाटभर मागं आवाज नाही. मी एकदा मान वळवून पाहिलं. भाजीच्या रिकाम्या क्रेटांमध्ये राखणदार बसलेला, त्याच्या मांडीवर कुत्र्याचं डोकं, आणि चेंडू त्याच्या हातात.

टोलनाक्याच्या पुढं, सर्व्हिस रोडला, एक ओसाड माळ आहे. तिथं थांबलो. तो उतरला. कुत्रा उतरला. त्यानं चेंडू फेकला. तरुणपणी शेतावर पाखरं राखलेला माणूस, गोफणीचा हात. चेंडू इतका लांब गेला की मला दिसेनासा झाला. बड्या सुटला. गवतातून नुसती शेपूट दिसत होती. हा टेंपोत चढला, पत्र्यावर थाप मारली. चाचानं गियर टाकला.

त्यानं मागं बघितलं नाही. मी आरशात बघितलं. बघायला नको होतं. कुत्रा चेंडू घेऊन परत आला. आमच्यामागं धावेल म्हणून मी जीव मुठीत धरला होता, नाही धावला. जिथं टेंपो उभा होता त्या जागेवर त्यानं चेंडू ठेवला. दोन पावलं मागं सरकला. पुढचे पाय पसरले, बूड वर केलं आणि शेपूट हलवायला लागला. समोर कुणी नव्हतं.

खालापुरात चाचानं चहा सांगितला. कुणी प्यायला नाही. राखणदार म्हणाला, "असं मी दुसऱ्यांदा केलं, बाय."

"कुत्रा?"

"लेक."

मग त्यानं सांगितलं, चहाच्या कपाकडं बघत. तो आणि त्याची बायको दिवाळी झाली की घाटावर वीटभट्टीवर जायचे, मुलगी वाडीवर आजीपाशी. मुलगी पाच-सहा वर्षांची. यांनी गाठोडं बांधायला घेतलं की ती खेळ मांडायची. बा, एक डाव. आये, एक डाव. रडत नसे, खेळायलाच बोलवायची. एका वर्षी मुकादमाची गाडी खाली येऊन थांबली आणि पोर काही सोडेना. तेव्हा यानं म्हटलं, चल, लपंडाव. तुझ्यावर राज्य. शंभर मोज.

"शंबर येत नवते तिला. ईस येत व्हते. मी म्हटलं, ईस पाच येळा मोज. झाडाकडं तोंड करून उबी ऱ्हायली. आमी उतरलो."

चाचा दुसरीकडं बघत होता.

"म्हातारी सांगायची, पोरीनं पाच येळा मोजलं. डोळं उगडलं, कोन नाय. मंग परत मोजलं. तिला वाटलं, मोजायला चुकलो आपन." त्यानं कप बाजूला सारला. "आमी पावसाळ्याला आलो, तवा ती शानी झालेली. काम करायची, बोलायची. पर मला खेळायला तिनं परत कदी बोलिवलं नाय. आता तिला पोरं हायेत. फोन लावला का म्हनते, बगू, येळ गावला तर."

माझ्या तोंडातून निघालेली ती युक्ती, 'किती सोपं हाय'. त्याला ती सोपी असणारच होती, केलेली होती.

नंतर बंगल्यावर मी दोन शनिवार गेले. त्यानं टोप घेतला, पायांकडं बघितलं नाही. मी सवयीनं चपला काढायला वाकले तर म्हणाला, "ऱ्हाऊ द्या आता." फळी रिकामी. पाहुणे म्हणत होते, किती शांत जागा आहे!

तिसऱ्या शनिवारी फाटक दुसऱ्याच माणसानं उघडलं. राखणदार आदल्या सोमवारी निघून गेला होता, किल्ल्या ओट्यावर ठेवून.

तो खालापूरला गेला होता. पायी. पुढचं मला चाचानं सांगितलं, कारण चाचाला तो रोज कुठं ना कुठं दिसायचा. कधी टोलनाक्यापाशी, कधी जुन्या हायवेला चौक गावाच्या बाजूला. प्रत्येक टपरीवर एकच प्रश्न, "चेंडूवालं कुत्रं आलं व्हतं का?" आणि माणसांना आठवत होतं हो! एक म्हणाला, होतं ना, प्रत्येक ड्रायव्हरच्या पायात चेंडू टाकायचं. दुसरा म्हणाला, ट्रक चालू झाला की त्याच्यापुढं आडवं यायचं, आम्ही दगड मारून घालवलं. असं टपरी टपरीनं तो माग काढत गेला आणि नवव्या दिवशी लोधिवलीला, एका पंक्चरवाल्याच्या मागं, टायरांच्या सावलीत, बड्या सापडला.

"पळत आला आसंल," मी चाचाला म्हटलं.

"नाय गं. शेपूट हालवली. बस. दादा पुढं जाऊन बसला, तरी उटला नाय. चेंडू तितंच पडलेला, बाजूला. त्याच्याकडं बगत बी नवता."

टेंपोनं चाचानंच दोघांना पळसदरीपर्यंत आणलं. बंगल्याला वळसा घालून ते वर वाडीवर गेले, कौलं उडालेल्या घरात.

होळीच्या आधी मी वर गेले, पुरणपोळ्या घेऊन. माझ्यासारखीला तो चढ म्हणजे शिक्षाच, आणि शिक्षा म्हणूनच चढले म्हणा. अंगणात तो उकिडवा बसला होता. समोर कुत्रा. पाठीची हाडं वर आलेली, मागचा एक पाय लंगडा. आणि काय करत होता हा माणूस? चेंडू कुत्र्याच्या पुढ्यात ठेवत होता. कुत्रा बघत होता. हा चेंडू उचलायचा, हळूच घरंगळत सोडायचा, स्वतःच उठून आणायचा, परत पुढ्यात ठेवायचा. "बड्या, एक डाव. ए बड्या."

कुत्रा मान वळवून घ्यायचा.

"खातो का?" मी विचारलं.

"खातो. मागं मागं बी येतो. मी लाकडाला गेलो तर येतो, पान्याला गेलो तर येतो. लई शाना झाला." त्याला खोकला लागला होता, खोकून झाल्यावर म्हणाला, "खेळ तेवडा सोडला. त्याला कळलं ना आता. खेळून कोन थांबत नाय."

"दादा, ती युक्ती मीच..." मी म्हटलं.

"तुमी सांगितली," तो म्हणाला. "फेकला मी."

त्यानं मला माफ केलं की नाही, ते मला आजही सांगता येणार नाही. त्यानं पुरणपोळीचा अर्धा तुकडा कुत्र्याला दिला, अर्धा स्वतः खाल्ला आणि "तूप लई घातलं तुमी" म्हणाला.

त्यानंतर जमेल तशी मी जात राहिले. खोकला वाढत गेला. दवाखान्यात चल म्हटलं की, "ह्याला कोनाकडं ठिवू?" माझ्याकडं ठेव म्हटलं, तर नुसता बघायचा. मी मान खाली घालायची.

वैशाखात वाडीवरून फोन आला, म्हातारा उठत नाही. मी पेज घेऊन गेले, पण पेज घ्यायच्या पलीकडं गेलं होतं. अंग तव्यासारखं, श्वासाला घरघर. वाडीला रस्ता नाही. चाचाला फोन करून टेंपो खाली रस्त्यावर आणायला सांगितला. लेकीला वाडीवाल्यांनी कळवलं होतं, ती निघते म्हणाली होती. चार जणांनी बांबूला घोंगडी बांधून झोळी केली, तिच्यात त्याला निजवलं. चौघांनी पायात चपला सरकवल्या आणि बांबू खांद्यावर घेतला.

कुत्रा भिंतीपाशी पडून होता. त्यानं त्या चपला बघितल्या. उठला. लंगडत घरात गेला.

अंगणाच्या तोंडाशी, जिथून पायवाट सुरू होते, तिथं तो आडवा आला. तोंडात चेंडू. तो त्यानं पुढच्या माणसाच्या पायाशी ठेवला, दोन पावलं मागं सरकला, पुढचे पाय पसरले. लंगड्या पायामुळं बूड वर राहीना, कलंडत होतं, तरी शेपूट हलत होती.

"हाड! हाड!" पुढचा ओरडला. वाट अरुंद, एका बाजूला उतार. हे इकडून जातात, तो इकडं. तिकडून जातात, तो तिकडं. झोळी हिंदकळली. मागचा एक जण मला म्हणाला, "मावशे, तो चेंडू उचला नि फेका ना खाली. जाईल तो, मंग आमी निगतो."

मी वाकून चेंडू उचलला. बड्या माझ्या हाताकडं बघायला लागला, कान उभा करून. एक कान.

झोळीतून आवाज आला. मला वाटत होतं त्याला शुद्ध नाही. घोंगडीच्या कडेवर त्याची बोटं आली, आणि म्हणाला, "नको, बाय."

एवढंच.

मी चेंडू फेकला नाही. मुठीत धरला आणि झोळीच्या बाजूनं चालायला लागले. कुत्रा माझ्या हाताकडं बघत, तीन पायांवर उड्या मारत, अख्खा डोंगर आमच्याबरोबर उतरला. झोळीतून तो त्याला बघत होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, तापाचं असेल. पण तोंड हसरं होतं. ते मी चौघांनाही नंतर विचारलं, त्यांनीही पाहिलंय.

खाली चाचानं टेंपोत गादी घातली होती. तोच टेंपो. याला आत घेतलं, दोघे जण बरोबर बसले, मागची फळी लावली. चाचानं माझ्याकडं बघितलं, गाडी चालू केली आणि कर्जतकडं निघून गेला. उरलेले दोघे बांबू घेऊन वर गेले.

डांबरावर मी आणि कुत्रा. तो टेंपोच्या मागं दोन पावलं गेला, थांबला. वळला. माझ्यापाशी आला, माझ्या हातातल्या चेंडूकडं बघितलं, मग खाली माझ्या पायांकडं.

मी चपला काढल्या. दुपारचे तीन वाजले होते, डांबर चटाचट भाजत होतं. चपला मी उचलल्या आणि रस्त्याकडेच्या करंजाच्या बेचक्यात, हात पोचेल तेवढ्या उंच, पानांच्या मागं ठेवल्या. मग चेंडू त्याच्या पुढ्यात ठेवला.

त्यानं बराच वेळ माझ्या उघड्या पायांकडं बघितलं. मग तिथंच, माझ्या सावलीत, चेंडूवर हनुवटी टेकून बसला.

चाचाचा फोन आला, कर्जत यायच्या आधीच संपलं म्हणाला, तेव्हा मी तशीच उभी होते. कुत्र्याला झोप लागली होती.